पंपरूममागची अळंबी

देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, गावदेवीच्या ओटीतल्या नारळाशप्पथ सांगते, यातला शब्द नि शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझ्या उरलेल्या चार दाढा गळून पडोत आणि मी जन्मभर खिमट खात बसेन. आमची संचिता, माझी नात, म्हणते, "आजी, तू शप्पथ घेतलीस ना, की मला जास्त डाउट येतो." येऊ दे. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना डाउट येणारच, त्यासाठीच तर धाडतो त्यांना.

तर भाईंदर पश्चिमेला आमची मोरपंख सोसायटी. तीन विंग, मागं पंपरूम, पंपरूमच्या मागं कंपाउंडची भिंत, आणि त्या दोघांमधल्या बोळात एक वारूळ. माझ्या कमरेएवढं, लाल मातीचं. नागाचं नाही, वाळवीचं घर. बिल्डिंग एक्याण्णव सालची, पण वारूळ तिच्याही आधीचं. मी शहात्तर साली लग्न होऊन म्हसळ्याकडून आले तेव्हा इथं भाताचं शेत होतं, शेताला बांध होता, आणि बांधावर हे वारूळ बसलेलं, खोत ओटीवर बसतो तसं.

गोदूबाई माझी थोरली जाऊ. ती माझ्या आधी सात वर्षं इथं आलेली. तिचा नवरा आणि माझा, दोघं भाऊ स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला होते. संध्याकाळी घरी यायचे ते असे काळेकुट्ट होऊन, की पहिल्याच आठवड्यात मी दिराला नवरा समजून पाण्याचा तांब्या दिला आणि वर "दमलात का हो?" असं लाडानं विचारलं. गोदूबाईनं ते ऐकलं. पुढची दहा वर्षं ती मला चारचौघांत विचारायची, "काय गो अनसे, दमलात का हो?" अनसूया माझं नाव. पण 'अनसे' म्हणून हाक मारणारी एकटी तीच. बाकीच्यांनी आधी सूनबाई केलं, मग आई, मग आजी.

मला इथं करमायचं नाही. गावाकडं डोंगर होता, ओढा होता, रातांबे होते. इथं चहूकडं मिठागरं. वारा सुटला की ओठ खारट व्हायचे. मी न्हाणीत बसून रडायचे, आणि वाटायचं कुणाला कळत नाही. तर त्या श्रावणात एका सकाळी गोदूबाई भाकरी थापता थापता उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चल. आन तोंड बंद ठेव."

बांधावर नेलं मला. पायात चिखल, डोक्यावर गोणपाटाची खोळ. वारुळाच्या पायथ्याशी बघते तर छत्र्याच छत्र्या. पांढऱ्या, मधोमध करडं टोक, काही अजून मिटलेल्या, काही उमलून ताटलीएवढ्या झालेल्या. आणि तो वास! ओल्या मातीचा, पण माती नव्हे. आमच्या गावाचाच वास. मी खुशीत बोट पुढं केलं, तर गोदूबाईनं ते फाटकन खाली मारलं.

"बोट दाखवायचं न्हाय! बोट दाखवलं का पुढल्या वरसाला येत न्हाय. नाव घ्यायचं न्हाय. कुणाला सांगायचं न्हाय, नवऱ्याला तर न्हायच न्हाय. विळी-कोयता लावायचा न्हाय, हातानं हलवून काढायचं. आन बारकी हायत ती ठेवायची."

"मग दाखवायचं कशानं?"

"हनुवटीनं."

मग काय, दोघी जणी त्या शेतात हनुवट्या हलवत बसलो. बांधावरून चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय गो, दोघींच्या माना धरल्यात काय?"

त्याच वर्षी एक अळंबी अशी निघाली, अशी निघाली, की सर आली तेव्हा मी, गोदूबाई, शेजारची शेळी आणि पोस्टमन, चौघंही तिच्याखाली उभे राहिलो. पोस्टमनची टपालाची पिशवीसुद्धा भिजली नाही. तो बिचारा वारला, नाहीतर साक्षीला आणला असता. शेळी तर काय, त्याच दिवाळीत गेली.

करायची पद्धत पण तिचीच. कांदा तेलावर लाल करायचा. सुकं खोबरं चुलीत भाजून काळं पडेस्तो वाटायचं, हळद, मसाला, दोन कोकमं. अळंबी हातानं उभी फाडायची, सुरी नाही. पाणी घालायचं नाही, तिचं तीच सोडते. तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं की बोटं चाटता चाटता मनगटापर्यंत जावं. नवरे विचारायचे कुठून आणली. आम्ही म्हणायचो बाजारातून, डोंगरातली कातकरीण पानावर वाटे लावून बसते तिच्याकडून. माझा नवरा देवाघरी गेला, पण त्याला शेवटपर्यंत हेच वाटत होतं.

मग शेत गेलं, बांध गेला, बिल्डिंग आली. वारूळ कोपऱ्यात होतं म्हणून वाचलं. आम्ही दोघींनी हट्टानं इथंच खोल्या घ्यायला लावल्या. नवरे म्हणाले स्टेशन जवळ पडतं म्हणून बायका अडून बसल्यात. दर श्रावणात पंपरूममागं जायचं, पाच-सात दिवस नजर ठेवायची, पदराखाली घेऊन यायचं. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं हे दोघींचं दोघींत राहिलं. सांगा, आजकाल कुणाच्या पोटात काय राहतं?

आता गोदूबाई तिच्या मुलाकडे असते, दिपेशकडे, काशीमीऱ्याला. ऐंशी ओलांडली. तीन वर्षं झाली, विसरायला लागली. आधी किल्ल्या विसरली, मग वार, मग दिपेशच्या बायकोला, संजनाला, नर्स समजायला लागली. मी गेले की "या बाई, बसा," म्हणते. बाई! मी तिच्या शेजारी बसून हळदीकुंकवाच्या गोष्टी सांगते, ती खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघते.

पण गेल्या श्रावणात मी डब्यातून अळंबी नेली. पहिला घास तोंडात गेला, ती थांबली, माझ्याकडे वळून नीट बघितलं आणि म्हणाली, "अनसे, मीठ जास्त घातलंस." बस. पुढं काही नाही. पण मी रिक्षात बसून काशीमीऱ्यापासून भाईंदरपर्यंत रडत आले. रिक्षावाल्यानं विचारलं, "माजी, किसी ने कुछ बोला क्या?" मी म्हटलं, "हाँ भैया, बोला ना. इसी लिए तो."

माझ्या सासरी मी कशी आले, काय नेसून आले, न्हाणीत का रडले, हे माहीत असलेलं माणूस आता एकच उरलंय. तिनं मला ओळखलं नाही, तर ती एकोणीस वर्षांची अनसी जगात कुठंच नाही. म्हणून या वर्षी मी आषाढापासूनच दिवस मोजत होते.

आणि नेमकं तेव्हाच वाळवीनं सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट खाल्लं.

जितेशभाई आमचे सेक्रेटरी. माणूस चांगला, पण कागदात जीव. कपाट उघडलं, तर आत चौऱ्याण्णव ते दोन हजारपर्यंतच्या मीटिंगांच्या वह्यांचा नुसता भुगा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खाली बोलावलं. म्हणाले, "पेस्ट कंट्रोलवाला येणार. ऑफिसमदी औषध मारणार, अने पंपरूमच्या पाछळ जो टेकडा छे ना, उधर भी ड्रिल करके दवा डालेगा. पछी तोडी नाखशे, तोडूनच टाकणार. सगळी वाळवी तिकडूनच येते."

टेकडा म्हणजे आमचं वारूळच. बोलावं तर नाव घेतल्यासारखं होणार, अळंबी येणार नाही. न बोलावं तर औषध, तरी येणार नाही. शेजारी संचिता उभी, तिला पण मी कधी सांगितलं नव्हतं. सगळे माना डोलवायला लागले आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "तिथं नाग आहे."

जितेशभाई माझ्याकडे वळले.

"नाग?"

"नाग. मी बघितलाय. जुना आहे. मिशा आहेत त्याला."

"मूछ? साप को?"

"शंभरी ओलांडली की येतात. पांढऱ्या. टोकाला पीळ दिलेला." आता एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही, हा माझा दोषच आहे. "मी कपडे वाळत घालायला गेले, तर वारुळावर बसलेला. माझ्याकडे बघितलं, मान खाली केली, आणि आत गेला. शिकलेल्या माणसासारखा."

जितेशभाईंनी हात जोडले. तिथल्या तिथं ठरलं, औषध फक्त ऑफिसात, पुढच्या गेटजवळ. वारुळाला हात लावायचा नाही. मी वर येऊन स्वतःला चहा करून दिला, दोन चमचे साखर जास्त घालून. म्हटलं, अनसूये, जिंकलीस.

तीन दिवसांत वारुळावर हळदकुंकू दिसलं. चौथ्या दिवशी कुणीतरी दुधाची वाटी ठेवली. आठवड्यात ए विंगच्या बायका संध्याकाळी अगरबत्ती घेऊन यायला लागल्या. मी म्हटलं असू दे, पोथी वाचतात, पुण्य लागतं. पण मग तिसऱ्या मजल्यावरचा यतीन आला. त्याच्या बाथरूमचं काम चाललेलं, टाइल्स उरलेल्या. त्याचा गवंडी रिकामा. दुपारी मी आडवी झाले होते, चारला उठून खाली गेले, तर वारुळाच्या भोवती सिमेंटचा ओटा! त्यावर निळ्या टाइल्स, आणि टाइल्सवर उड्या मारणारे डॉल्फिन. वारुळाचं फक्त टोक वर दिसत होतं, समुद्रात बुडालेल्या माणसासारखं.

"कसं झालंय आजी?" यतीन हात पुसत म्हणाला. "देवाला चिखलात किती दिवस ठेवायचं?"

मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? जिथून छत्र्या निघायच्या ती सगळी जागा डॉल्फिनांच्या खाली गेली.

त्या दिवशी मी जेवले नाही. संचिता माझ्याजवळ येऊन बसली. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बॉटनी. "आजी, खरं सांग. नाग नाहीये ना?"

"तुला कसं कळलं?"

"मिशांवरून."

मग मी दार लावलं आणि सांगितलं. सगळं. बांध, गोदूबाई, बोट, हनुवटी, गेल्या वर्षीचं मीठ. नाव मात्र घेतलं नाही. "ते... छत्रीसारखं असतं ना, ते," असंच म्हणत राहिले. पोरगी ऐकत होती, आणि तिचे डोळे हे एवढे मोठे झाले.

"आजी, तुला माहितीये का हे काय आहे? वाळवीला नुसतं लाकूड पचत नाही. ती लाकूड-कागद चावून आणते, वारुळाच्या पोटात त्याचे स्पंजसारखे गोळे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी ते सगळं मऊ करते, मग वाळवी खाते. शेती करते ती! माणसानं शेती सुरू केली त्याच्या कितीतरी लाख वर्षं आधीपासून. आणि तू जी छत्री म्हणतेस ना, ते त्या बुरशीचं फळ. बाकी सगळं झाड जमिनीखाली."

"म्हणजे भिंतीवर येते ती बुरशी? लोणच्यावरची?"

"त्यांची लांबची बहीण म्हण. बाजारातली बटन मशरूमं डब्यात येतात ती माणूस शेडमध्ये लावतो. ही वाळवीशिवाय कुणाला नीट लावता येत नाही."

मी विचार करत बसले. वाळवी कागद आणते. कागद बुरशीला घालते. बुरशीला फळ येतं. "थांब गं," मी म्हटलं. "म्हणजे सोसायटीच्या मीटिंगांच्या वह्या आम्ही दोघींनी इतकी वर्षं कांदाखोबरं घालून खाल्ल्या?"

"टेक्निकली... थोड्याशा, हो."

"तरीच. एकदा अळंबी खाल्ल्यावर गोदूबाईला दोन दिवस सारखं भांडावंसं वाटत होतं."

बोलून गेले आणि तोंडावर हात ठेवला. नाव घेतलं गेलं होतं. संचिता हसली नाही, हे तिचं मला फार आवडलं. ती म्हणाली, "आजी, वारुळाचे बोगदे खूप लांबपर्यंत जातात. ओट्याच्या बाहेरून पण वाट काढतील, काय सांगता येतं? आणि बोट दाखवल्यानं काही होत नाही. तू लसूण घालून बघतेस ना, काळा पडला की विषारी? ते पण खोटं आहे."

"गोदूबाई तसंच बघायची."

"बघायची, पण त्यानं कळत नाही. तुम्ही वाचलात कारण ती ही एकच जात पक्की ओळखत होती आणि दुसऱ्या कशाला हात लावत नव्हती. कुत्र्याच्या छत्र्या तिनं कधी आणल्या?"

नव्हत्या आणल्या. कधीच.

नागपंचमीला मी ठरवलं, निदान खोटं तरी परत घ्यावं. ओट्याजवळ पंधरा-वीस बायका, जितेशभाई, यतीन, सगळे. मी पुढं होऊन म्हटलं, "ऐका. मी खोटं बोलले. इथं नाग-बिग काही नाही. ओटा काढा."

बी विंगची सुलू माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागली. "असं कसं आजी? मी परवा बघितला ना. मिशा होत्या."

"मिशा मी मनानं घातल्या गं!"

"पांढऱ्या होत्या," सुलू म्हणाली. "टोकाला पीळ."

आणखी दोघींनी माना डोलावल्या. एकीनं तर त्याला जांभई देताना बघितलेलं. जितेशभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माजी, सबको दर्शन हो रहा है. आप क्यों टेन्शन लेती हो? क्रेडिट आपकाच आहे."

सत्तरी जवळ आली तरी मला हे माहीत नव्हतं, की खोटं परत मागितलं तर लोक देत नाहीत. आणि ओटा का काढायचा, ते मी सांगितलंच नव्हतं. जीभ रेटेना. इतक्या वर्षांची सवय.

त्यानंतर मी रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ खाली. डॉल्फिन जागच्या जागी. पाचव्या दिवशी सकाळी बाल्कनीतून जितेशभाईंचा आवाज आला. ते त्यांच्या गाडीजवळ, पंपरूमच्या या बाजूला उभे, आणि सफाईवाल्याला सांगतायत, "ये देख, कितना गंदा फंगस हुआ है. पेवर ब्लॉक भी उखड गया. पूरा खुरच के फेक दे. फिर अ‍ॅसिड मार."

मी चपला घातल्या नाहीत. दोन जिने मी कशी उतरले ते मला आठवत नाही. खाली येऊन बघते, तर त्यांच्या गाडीखाली, पेवर ब्लॉकच्या फटीफटींतून छत्र्या. पांढऱ्या, मधोमध करडं टोक. तीन ब्लॉक उचलून बाजूला केलेले, आणि एक तर अशी जाडजूड होती, की तिनं गाडीचं मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर उचलून धरलं होतं. जॅक लावल्यासारखं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, चाक फिरवलं तर फिरत होतं.

सफाईवाल्यानं खुरपं टेकवलं होतं. मी त्याच्या आणि गाडीच्या मधे बसले. सरळ जमिनीवर.

"माजी! उठो, कपडा खराब होगा!"

"जितेशभाई, ही अळंबी आहे," मी म्हटलं. मोठ्यानं. आणि बोट दाखवलं. सगळ्यांसमोर, उजव्या हाताचं. "हिच्यासाठी मी खोटं बोलले. नाग नाही, ही वाचवायची होती मला. माझ्या जावेला खाऊ घालायची आहे. तिला मी आठवत नाही. गेल्या वर्षी हे खाल्लं तेव्हा आठवले होते."

जितेशभाई वाकून बघायला लागले. त्यांच्यात बटाटासुद्धा खात नाहीत, मशरूम तर लांबच. मग ते म्हणाले, "पहले बोलना था ना, माजी. मैं दवावाले को उधर जाने ही नहीं देता. इतना नाटक कशाला?"

इतकं सोपं होतं ते.

त्यांनी सफाईवाल्याला लांब केलं, हँडब्रेक सोडला आणि गाडी ढकलत मागं घेतली, इंजिन सुरू न करता, छत्र्यांना धूर लागू नये म्हणून. वर भुरभुर लागली तर स्वतःची छत्री माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. मी हातानं हलवून हलवून एकेक काढली. संचिता धावत आली, एक उचलून उलटी केली, तिचं लांबलचक मूळ बघितलं, वास घेतला. "तीच आहे. औषध इकडे मारलं नाही ना, काका?" "ना ना, सिर्फ ऑफिस." बारकी होती ती मी ठेवली. वर येऊन मोजली नाहीत, पण परात भरली.

सगळं तिच्या पद्धतीनं केलं. गॅसवर खोबरं भाजलं, काळं होईस्तो. आणि शेवटी मुद्दाम मीठ जास्त घातलं. अंदाजानं नाही, समजून उमजून, एक मूठच म्हणा. म्हटलं, तिनं गेल्या वर्षीसारखंच मला बोलावं.

काशीमीऱ्याला जाईपर्यंत डबा मांडीवर धरला होता, ट्रकांच्या गर्दीत रिक्षा उड्या मारत होती तरी झाकण हललं नाही. संजनानं दार उघडलं. "या काकी. आज शांत आहेत." गोदूबाई खिडकीशी बसली होती. हाडं उरलीत नुसती, पण कुंकू मोठं, पूर्वीसारखंच. मला बघून म्हणाली, "या बाई, बसा."

मी घास केला. भरवला. तिनं खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लावतात तिथं उभं राहून बघावं तसं. दुसरा घास. तिसरा. ती चावत राहिली, हायवेकडे बघत. एक टँकर गेला, तिनं त्याच्याबरोबर मान फिरवली. अर्धी भाकरी झाली. काही नाही.

संजनानं बोटावर घेऊन चाखलं. "अगंबाई काकी! मीठ केवढं झालंय!"

ती बोलली, आणि गोदूबाईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी डबा बंद केला. हात धुतले. परत येऊन तिच्याजवळ बसले. आता तिथं बसून करायचं काय? तर मी सांगायला लागले. तिला असं नाही, आपलं बोलायचं म्हणून. "ऐका जाऊबाई, काय झालं ते. त्या जितेशभाईनं वारूळ तोडायचं काढलं. मी म्हटलं तिथं नाग आहे. त्याला मिशा आहेत. तर म्हणतात साप को मूछ? मी म्हटलं शंभरी ओलांडली की येतात." ती ट्रक बघत होती. मी पुढं सांगितलं. दूध, अगरबत्ती, डॉल्फिन. सुलूला दर्शन झालं. नाग जांभई देतो. मग गाडी. "जाऊबाई, एका अळंबीनं गाडी उचलली हो, अख्खी! चाक फिरवलं तर फिरत होतं! जितेशभाई म्हणाले, ही मला द्या, पंक्चर झालं की डिकीत ठेवीन."

तिच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं खोकला. संजना पाणी आणायला धावली. पण तो खोकला नव्हता. ती हसत होती. तोंडात दात नाहीत, डोळ्यांतून पाणी, पोट धरून. "मिशा!" ती म्हणाली. "सापाला मिशा!" आणि मग माझ्याकडे वळली, नीट, भाकरी उलटायच्या आधी बघायची तशी, आणि म्हणाली, "किती खोटं बोलतेस गो तू, अनसे."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. थोड्या वेळानं हसू ओसरलं आणि ती पुन्हा खिडकीकडे बघायला लागली. मी निघाले तेव्हा म्हणाली, "या बाई, परत."

आता सुरुवातीला शप्पथ घेतलीय, दाढांचा प्रश्न आहे, म्हणून एक सांगून टाकते. पोस्टमन खरा, शेळी खरी, गाडीचं चाक खरं. 'अनसे' मात्र ती म्हणाली नाही. "किती खोटं बोलतेस गो तू," एवढंच म्हणाली आणि थांबली. नाव मी घातलं. पण ती असं दुसऱ्या कुणाला म्हणेल, सांगा?